नाक बसलेली गाडी

१

सोमवारी सकाळी देगलूर-नायगाव रस्त्यावरच्या एका बिनकठड्याच्या पुलाखाली पिवळी गाडी उलटी पडलेली दिसली. आत दयानंद होता. उदगीरच्या डाळमिलचा सगळा कारभार ज्याच्या डोक्यावर चालायचा, तोच हा दयानंद. लोकांनी ओढून काढला तेव्हा जीव गेलेला होता.

गाडी त्याची नव्हती. त्याच्या चुलतभावाची, हरिओमची होती. हरिओम म्हणजे मिलमालक भगवानरावांचा एकुलता एक मुलगा. गाडी दोन माणसांची, परदेशी, जमिनीला पोट लावून सरपटणारी. जिथे खड्डा चुकवताना एसटीचा ड्रायव्हरही देवाचं नाव घेतो, त्या मुलखात अशी गाडी बाळगायची म्हणजे पांढरी पँट घालून चिखलणीला उतरायचं. त्यातून हरिओमला कंपनीची चाकं लहान वाटली, म्हणून त्यानं नांदेडच्या गॅरेजात मोठी बसवून घेतली होती.

"माणसाला पैसा आला की आधी चाकं फुटतात. अक्कल फुटायची राहूनच जाते," उज्वला म्हणाली.

उज्वला लातूरची. विमा कंपन्यांसाठी मोडलेल्या गाड्या तपासायचं तिचं काम. अपघात कसा झाला हे ती ठरवायची आणि तसं कंपनीला कळवायची. या धंद्यात तिला रोज कुणीतरी खोटं सांगत आलं होतं. कुत्रं आडवं आलं, म्हैस आडवी आली, नीलगाय आडवी आली. दारू कधीच कुणाच्या आडवी आली नव्हती. त्यामुळे आताशा ती माणसांकडं बघतच नसे. लोखंडाकडं बघे.

ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली ती गाडी सरळ करून ठेवली होती. टप चेपलेला, काचा गेलेल्या. फौजदार आनंदराज शेजारी उभे होते. अपघातापेक्षा उन्हाचा त्रास त्यांना जास्त होत होता.

"मॅडम, केस साफ हाय. पुढचं डावं टायर फुटलं, गाडी डावीकडं ओढली गेली, खाली पडली. टायर फुटलं गॅरेजवाल्यामुळं. त्याला आणून बसवलाय आत."

उज्वला गुडघ्यावर बसली. फुटलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेला, चाकूनं सोलावा तसा गोल पट्टा सोललेला होता. वर मडगार्डच्या आतल्या काठावर काळं रबर थापलेलं. चाक मोठं, त्यावरची जागा कमी. दणका बसला की टायर मडगार्डला घासायचं. घासून घासून कड पातळ झाली आणि पुलाच्या उंचवट्यावर फुटली.

मोठी चाकं टाकली की गाडी वर उचलून घ्यावी लागते. या गाडीच्या शॉकअपला बाहेरून आटे होते आणि त्या आट्यांवर एक जाड रिंग. स्प्रिंग त्या रिंगेवर टेकते. रिंग वर फिरवली की गाडी वर, खाली फिरवली की गाडी खाली. उज्वलानं मागच्या रिंगा पाहिल्या. त्या चांगल्या वर होत्या. पुढच्या दोन्ही पार तळाला होत्या.

"मागून उचलली आणि पुढून तशीच सोडली," ती उठली. "अर्धं काम, पूर्ण थाप. आणि चालवणारा तसलाच. फुकटची गाडी मिळाली, पळवली असणार. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नाही म्हणता ना तुम्ही?"

"न्हाई."

"मग झालं तर."

तिच्या मते केस तिथेच संपली होती.

२

शिवशंकर गॅरेजवाला कोठडीतसुद्धा गॉगल कपाळावर चढवून बसला होता. त्याच्या काळ्या टी-शर्टवर त्याच्याच गॅरेजचं नाव छापलेलं. नांदेडात रेसच्या गाड्यांचं काम आपल्याशिवाय कुणाला येत नाही, हे त्यानं नमस्काराच्या आधी सांगितलं.

"मी चारी बाजूनं उचलली होती मॅडम. माझ्याकडं सबूत हाय. मोबाइल फौजदारसाहेबाकडं हाय, बघा."

फोटोत तोच दात काढून उभा होता. जमिनीपासून पुढच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरलेला.

"कंपनीच्या मापापेक्षा वर हाय का न्हाई? दिसून राहिलं ना?"

उज्वलानं फोटो पाहिला आणि तिला हसू आलं. चांगल्या जातीचं हसू नव्हतं ते.

"मोठं चाक टाकलं की गाडीचं सगळं अंगच जमिनीपासून वर येतं. रिंगेला हात न लावता. स्टुलावर उभं राहिलं म्हणून माणसाची उंची वाढते का? माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत घ्यायचं असतं. या फोटोनं तुम्ही उचलली हे सिद्ध होत नाही. तुम्हाला मोजता येत नाही एवढंच होतं."

शिवशंकरनं गॉगल काढला. "फोटू गिऱ्हाइकाला दाखवायला काढला होता. काम मी बराबर केलं. माझ्या लेकराची शपथ."

"लेकराला कशाला मध्ये आणता?"

"आन त्या दयानंदचा सोमवारी सकाळी मला फोन आलता. म्हणाला, गाडी पुढून घासून राहिली, हरिभाऊनं तुमच्याकडं दाखवायला पाठवलंय. मी म्हणलं, घासायचा सवालच न्हाई, आण."

आनंदराजांनी मान हलवली. "फोन आल्ता हे खरं हाय. काय बोलला ते कुणाला मालूम? हरिओम म्हणतो त्यानं पाठवलंच न्हाई. दयानंद चावी उचलून गेला."

उज्वलानं मोबाइल परत दिला. शिवशंकर गजांना धरून उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

"मॅडम, माणूस मेलाय. मी रिंग उचलली नसती तर मला झोप लागली असती का?"

"लोकांना लागते," उज्वला म्हणाली आणि बाहेर पडली.

३

उदगीरला भगवानरावांचा बंगला मिलला लागूनच होता. गेटातून आत शिरताना रस्त्यापासून अंगणापर्यंत खडी चढण. उज्वलाची जुनी गाडी कण्हत वर आली. बंगल्याला चार खांब, खांबांना सोनेरी रंग, दारात संगमरवरी सिंह. सिंहाच्या तोंडात कुणीतरी उदबत्तीची काडी खोचलेली होती.

दिवाणखान्यात सुतकाची सतरंजी होती. हरिओम तिच्यावर न बसता सोफ्यावर बसला होता. दाढी कोरलेली, डोळे सुजलेले. ते रडून सुजले होते की झोपून, हे उज्वलाला ठरवता येईना. ठरवायची तिला गरजही वाटली नाही.

"शनिवार-रविवार गाडी माझ्याकडंच होती. लातूरला होतो मी, दोस्ताकडं," तो म्हणाला. "दया हैदराबादला गेलता, मिलच्या कामाला. रविवारी रात्री आला. सोमवारी मी झोपेत असताना चावी घेऊन गेला. लई दिवसांचा डोळा होता त्याचा गाडीवर."

"गाडी घासत होती?"

"छे! मस्त होती. जीपसारखी उंच. कुणालाबी विचारा."

"मग पुढून खाली कशी आली?"

हरिओमनं बापाकडं पाहिलं. "त्या शिवशंकरनं उचललीच नसंल. न्हाई तर दयानंच काही तरी केलं असंल. त्याला मशिनचा लई नाद. मिलमधलं सगळं तोच खोलायचा, बसवायचा."

भगवानरावांनी घसा साफ केला. "मॅडम, पुतण्या हाय माझा. भाऊ-भावजय गेल्यावर आमीच सांभाळला. पण पोरगा होता, खुळावला असंल. मेलेल्या माणसाला आता नावं ठेवण्यात काय मतलब? गॅरेजवाल्यावर केस हाय, ती चालंल. तुमी तुमचं काय ते लिहा."

मेलेल्याला नावं ठेवायची नाहीत म्हणताना त्यांनी ती ठेवून घेतली होती. उज्वला उठली.

तेवढ्यात आतून कावेरीबाई आल्या. भगवानरावांची बायको. हातात पाण्याचा तांब्या, पदर डोक्यावरून घट्ट. त्या उज्वलाशी बोलत होत्या की भिंतीशी, ते कळत नव्हतं.

"त्या गाडीनं घर खाल्लं बाई. आली तवापासून ताप. गेटात चढताना पोट घासतंय म्हणून फळ्या टाकायच्या. दरवेळेला मीच धावायचं. मोठी चाकं आली, गाडी उंच झाली, तवा म्हणलं सुटले. फळ्या माझ्या झाल्या, पापड वाळवायला घेतल्या. तर रविवारी दुपारी पुन्हा हॉर्न. फळ्या दे म्हणं! ज्वारीचे पापड ओले होते, तसेच झटकले मातीत. दयाला आवडतात म्हणून केलते हो. रातच्याला आला तर त्याला देता आले न्हाईत..."

"आई, आत जा," हरिओम म्हणाला.

उज्वलाला कीव येण्याऐवजी चीड आली. घरातलं तरणं माणूस गेलं आणि ही बाई पापडांचं रडतेय! पुढं केलेला तांब्या तिनं पाणी न पिताच खाली ठेवला.

४

दयानंदची बायको तनुजा मिलच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. मिलचा भोंगा बंद होता, तरी तुरीच्या टरफलांचा वास होताच. तिनं उज्वलाला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

उज्वलाला दोनच प्रश्न विचारायचे होते. पण बोलताना जीभ घसरली. "वेगात चालवायची सवय होती का त्यांना? म्हणजे, अशी गाडी हातात आली की तरुण माणसाला..."

तनुजानं वर पाहिलं.

"तुमी बघितलं का?"

"काय?"

"वेगात चालवताना. तुमी बघितलं का त्यांना?"

"नाही. पण रस्त्यावर ब्रेकची खूण नाही, म्हणजे..."

"त्या गाडीत बसलं की त्यांची कंबर धरायची. एकदा बसले होते, परत आल्यावर शेक घेतला. म्हणाले, पैसेवाल्याचं घमेलं हाय ते. सोमवारी हरीभावजी सकाळी सकाळी इथं दारात येऊन उभे. मी आतून ऐकलं. 'नेऊन दे रे नांदेडला, मला त्या शिवशंकरचं तोंड बघायचं न्हाई.' हे न्हाई म्हणले. तर भावजी म्हणाले, तेवढंबी करीत न्हाईस का घरचं? यांना ते शब्द लागायचे. घरचं म्हणलं की उठायचे."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं. फौजदार म्हणाले, बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमीबी तेच म्हणाल. कागद भरायला आलात, भरा. पण ते वेगात होते असं तुमी न बघता लिहिलं, तर मी ते वाचायला येईन. मला वाचता येतं."

उज्वलाला कुणी असं बोलल्याला बरेच दिवस झाले होते. तिला राग आला. राग घेऊनच ती गाडीत बसली आणि लातूरकडं वळायचं सोडून पुन्हा देगलूर रस्त्याला लागली. त्या बाईला खोटं पाडायचं, एवढाच तिचा विचार होता.

पुलावर उतरून तिनं खाली पाहिलं. नाला कोरडा होता. गाडी पडली तिथं काचेचा चुरा अजून चमकत होता. तो चुरा पुलाच्या भिंतीला अगदी लागून होता.

उज्वला उन्हात तशीच उभी राहिली. वेगात आलेली गाडी पुलावरून सुटली की लांब जाऊन आदळते. ही पायाशी पडली होती. गोठ्याच्या पायरीवरून घसरलेल्या म्हातारीसारखी, जागच्या जागी. ब्रेकची खूण नव्हती, कारण ब्रेक मारावा एवढा वेगच नव्हता. हळू चाललेल्या माणसाचं टायर फुटलं, गाडी डावीकडं कलली, आणि कलायला कठडाच नव्हता.

हे तिला पहिल्याच दिवशी इथं येऊन दिसलं असतं. ती आलीच नव्हती.

५

ठाण्यात ती पुन्हा त्या गाडीखाली शिरली. या वेळी बॅटरी आणि चिंधी घेऊन. आनंदराज कंटाळून खुर्चीवर बसून बघत होते.

पुढच्या शॉकअपचे आटे धुळीनं भरले होते. रिंग तळाला. पण रिंगेच्या वर, स्प्रिंगेच्या वेढ्यांमधून बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा तिला चांगला बोटभर रुंदीचा एक पट्टा दिसला. तेवढे आटे स्वच्छ होते. ग्रीस अजून ओलं, धुळीचा कण नाही. पट्टा बरोबर रिंगेच्या रुंदीचा होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

"फौजदारसाहेब, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की त्याच्यामागं काय दिसतं?"

"चुना दिसतो. कोरा."

"कारण तिथं कॅलेंडर होतं. इथं रिंग होती. बरेच दिवस वर होती, म्हणून तिच्याखालचे आटे स्वच्छ राहिले. नंतर कुणीतरी ती खाली फिरवली. शिवशंकरनं काम केलं होतं. फोटो मूर्खासारखा काढला, पण काम केलं होतं."

आनंदराज खुर्चीवरून उठले.

"अजून बघा. रिंगेच्या खाचा. शिवशंकरसारख्याकडं यासाठी टोकाला आकडा असलेला पाना असतो, त्यानं खाच अशी तुटत नाही. ही छन्नी आणि हातोडीनं ठोकून फिरवलेली आहे. ज्याच्याकडं पाना नाही आणि दमही नाही, अशा माणसाचं काम."

"छन्नी मिलमध्येबी हाय," आनंदराज म्हणाले. "मंग दयानंदनंच केलं असंल की. हरिओम म्हणलाच हुता. रविवारी रात्री आला, ठोकली, सकाळी घेऊन गेला. आपलं मरण आपणच ठोकून घेतलं."

"मशिन खोलणारा माणूस छन्नीनं रिंग ठोकेल? आणि ठोकेल तरी कशाला?"

"ते मला काय ठाऊक?"

कशाला, याचं उत्तर उदगीरच्या किल्ल्याशेजारी फोटो स्टुडिओत मिळालं. स्टुडिओ सिद्धेश्वरचा. हरिओमचा हा जिवलग मित्र त्याच्या गाडीचे रील काढून द्यायचा. मित्र मेल्याचं दुःख त्याला नव्हतं, कारण मेलेला मित्र नव्हता. पण पोलिसांचं भय होतं, त्यामुळे तो भराभरा बोलला.

"मोठ्या चाकाचं रील टाकलं मॅडम, आन कमेंटची लाइन लागली. 'ट्रॅक्टर घेतला का?' 'उंटावरचा शहाणा.' एकानं लिहिलं, 'गाडीला बाळंतपणाच्या खाटंवर चढवलंय.' हरी येडा झाला. म्हणला, रील काढून टाक. मी म्हणलं शिवशंकरकडून खाली करून घे. तर म्हणला, तो नांदेडवाला हसतोय मला. आधीच म्हणला होता, चाकं मोठी टाकली तर गाडी उंच दिसंल, मंग बोलू नको. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मग?"

"मंग मला न्हाई मालूम. लातूरला गेला दोन दिवस."

उज्वलानं त्याच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या नवरानवरीच्या फोटोंकडं. उंच दिसते म्हणून! लोक हसले म्हणून! खून करायलासुद्धा माणसात काहीतरी लागतं. द्वेष तरी लागतो. इथं तेवढाही ऐवज नव्हता.

पण पुरावा कुठं होता? रिंग हरिओमनं लातुरात उतरवली की दयानंदनं रविवारी रात्री, हे लोखंड सांगत नव्हतं. लोखंडाला तारीख नसते. तिनं चहा मागवला आणि पहिल्यांदा लोखंड सोडून माणसं काय बोलली ते आठवायला लागली. हरिओम. भगवानराव. तनुजा.

चहा तसाच टेबलावर राहिला. तिनं फौजदारांना फोन लावला.

"लगेच उदगीरला या. भगवानरावांच्या बंगल्यावर. गेटाबाहेर गाडी लावा आणि ती चढण नीट बघून या."

६

दिवाणखान्यात सगळे होते. भगवानराव, हरिओम, दारात उभ्या कावेरीबाई. तनुजाला उज्वलानंच बोलावून घेतलं होतं. ती सतरंजीच्या कडेला बसली होती. आनंदराजांनी टोपी मांडीवर ठेवली.

"हरिओम," उज्वला म्हणाली, "दयानंद रविवारी रात्री आले. बरोबर?"

"हाव."

"शनिवार-रविवार गाडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही?"

"न्हाई. सांगितलं की. सोमवारी सकाळपर्यंत गाडी एकदम उंच होती."

"उंच होती, तर रविवारी दुपारी गेटात फळ्या कशाला मागितल्या?"

हरिओमनं दारातल्या आईकडं पाहिलं.

"जुन्या लहान चाकांवर गाडी खाली होती, चढणीला पोट घासायचं, म्हणून फळ्या लागायच्या. शिवशंकरनं उचलली, फळ्या लागेनात. तुमच्या आईनं त्यावर पापड घातले. रविवारी दुपारी तुम्ही लातूरहून आलात आणि पुन्हा फळ्या. म्हणजे गाडीचं नाक तेव्हाच खाली आलं होतं. दयानंद तेव्हा हैदराबादला होते. हे तुमचंच बोलणं आहे, माझं नाही."

मग भगवानराव सावकाश हसले, गिऱ्हाइकाला माल कमी तोलताना हसतात तसे.

"मॅडम, बायकांच्या बोलण्यावर केस करता का? हिला कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई. ते मागच्या सालचं असंल. काय गं? मागच्या उन्हाळ्यातलं ना ते?"

कावेरीबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

"बोल की. मागच्या सालचं ना?" या वेळी आवाजात हसू नव्हतं.

या बाईच्या एका 'हाव'नं सगळं पुसलं जाणार होतं. आणि का म्हणणार नाही ती? पोटचा पोरगा समोर बसलेला. ज्या बाईचं बोलणं आपण कचऱ्यासारखं झटकलं, तिच्या तोंडाकडं आपण आता हात जोडून बघतोय, हे उज्वलाला कळलं. तिला स्वतःचाच विट आला.

कावेरीबाईंनी हरिओमकडं पाहिलं. मग सतरंजीवरच्या तनुजाकडं. मग पुन्हा हरिओमकडं.

"मागच्या साली मोठी चाकं कुठं होती?" त्या म्हणाल्या. "परवाच्या रविवारचं हाय. हरीनंच फळ्या नेल्या. पापड मातीत गेले ते मी बघितलं. कुणीबी विचारलं तरी मी हेच सांगन."

"आई!" हरिओम उभाच राहिला. "आई, तू... मला काय ठाऊक टायर फुटंल म्हणून! नुसतं घासत होतं! कर्र कर्र वाजत होतं नुसतं!"

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं की आपण काय बोललो.

"कधी वाजत होतं?" आनंदराजांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम शुद्ध सरकारी झाला होता.

हरिओम खाली बसला. मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं आलं. लातुरात मित्राच्या शेडमध्ये छन्नीनं रिंगा ठोकल्या. पुढूनच उतरवली, रीलमध्ये पुढूनच दिसते म्हणून. येताना टायर वाजायला लागलं. उतरून पाहिलं तर कड सोलत होती. रिंगा परत वर ठोकायला गेला, तर खाचा तुटलेल्या, फिरेनात. शिवशंकरकडं जाणं भाग होतं. पण शिवशंकर हसला असता. म्हणून दयानंदला पाठवलं. त्यानं शिवशंकरला सांगायचं होतं की काम कच्चं आहे, टायर बदलून दे.

"त्याला सांगितलं नाहीस? टायर सोललंय म्हणून?" उज्वलानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तो गेला नसता."

ते त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. तनुजा उठली आणि कुणाकडं न बघता मागच्या दारानं निघून गेली.

भगवानराव फौजदारांना बाजूला घेऊन काही बोलायला लागले. आनंदराजांनी टोपी घातली. "आता न्हाई मालक. चार माणसांसमोर झालंय. शिवशंकरला सोडावं लागंल. याला चला म्हणावं."

७

हरिओम जीपमध्ये बसला तेव्हा त्याची आई दारात नव्हती.

उज्वला मिलच्या मागं गेली. तनुजाच्या दाराची कडी आतून होती. तिनं वाजवली नाही. बाहेरूनच बोलली.

"मी त्या दिवशी बोलले ते चूक होतं. मी पूल बघायला गेले. ते हळूच चालवत होते. तसंच लिहिणार आहे मी."

आणखी बोलायला उज्वलाकडं काही नव्हतं. दुसऱ्याला नावं ठेवायला तिच्याकडं शब्द कधी कमी पडले नव्हते. यासाठी कमी पडले.

ती वळली तर मागं कावेरीबाई उभ्या. अनवाणी नव्हत्या, पण चपला वेगवेगळ्या जोडीतल्या होत्या. बंगल्याकडून भगवानरावांचा आवाज येत होता. कुठं चाललीस, परत ये, पाय मोडीन. त्या आवाजाकडं त्यांनी मान वळवली नाही. दारासमोर उभ्या राहिल्या. हाक मारली नाही, कडीला हात लावला नाही. आपल्याला आत घेतील की नाही, हे ठाऊक नसलेल्या माणसासारख्या नुसत्या उभ्या.

उन्हं भिंतीवरून उतरत होती. उज्वलाला निघायला हवं होतं, पण ती तिथंच थांबली.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. दार अर्धं उघडलं. तनुजाचे डोळे लाल होते. ती चुलतसासूकडं बघत राहिली, तिच्या पायांकडं बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "चपला आत घेऊन या. बाहेर कुत्रं नेतंय."